आत्याला हलवण्याचा बंदोबस्त

आत्याला फक्त समोरच्या इमारतीत न्यायचं होतं. मधे एक लिफ्ट, एक अंगण आणि एक चढ. धडधाकट माणूस हातातले दाणे संपायच्या आत पोचला असता. पण आत्या आता एकटी कुठे राहिली होती? तिच्या छातीतून एक नळी निघून बाटलीत उतरली होती. हाताला सलाईन होतं, सलाईनला पंप होता. नाकाला ऑक्सिजन होता, बोटाला चिमटा होता आणि चिमट्याच्या दुसऱ्या टोकाला हिरव्या आकड्यांचा मॉनिटर होता. आत्या हलणार म्हणजे हे सगळं गणगोत हलणार.

आणि हे सगळं कशामुळे, तर धुळीमुळे. सत्तरी कधीच ओलांडलेली आत्या कपाटावरची धूळ पुसायला स्टुलावर चढली. धूळ तिथेच राहिली, आत्या तेवढी खाली आली. दोन बरगड्या मोडल्या आणि त्यातल्या एकीने फुप्फुसाला टोचलं. छातीत हवा आणि रक्त साठलं, ते काढायला ही नळी घातली. आता स्कॅन करून बघायचं होतं की फुप्फुस पुन्हा नीट उघडलंय, का आत रक्त गोठून बसलंय. बसलं असेल तर ऑपरेशन. ह्या वयात ऑपरेशन म्हणजे काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. त्यांनी नुसता चष्मा काढून पुसला. भाच्याला कळायचं ते कळलं.

ह्या भाच्याला घरात, ऑफिसात आणि इमारतीत बंदोबस्तराव म्हणत. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं. कुणाचं घर बदलायचं असो, कुणाला विमानतळावरून आणायचं असो, बंदोबस्तराव आदल्या दिवशीच रस्ता बघून येत. विमा कंपनीत इतकी वर्षं लोकांचे अपघात वाचून वाचून त्यांचा असा समज झाला होता की जगातला प्रत्येक अपघात हा नियोजनाचा अभाव असतो. आत्याने त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. त्यामुळे तिच्या पडण्याकडेही ते थोडंसं स्वतःच्या नियोजनातली चूक म्हणूनच बघत होते. स्टूल मुळात घरात होतंच कशाला?

"तुम्ही फक्त सोबत जा," बायकोने बजावलं. "बाकी सगळं हॉस्पिटलची माणसं करतात."

"करतात गं. पण कशी करतात?"

बायको कुकर बंद करायला आत गेली, म्हणून बंदोबस्तराव जिंकले. मग त्यांनी एक चूक केली. इमारतीच्या जिन्यात उभं राहून त्यांनी हा विषय काढला.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "हलवाहलवीचं तत्त्व एकच. जे हलतं ते बांधायचं."

"पण आत्यापण हलते."

"मग तिलाही बांधा."

समोरच्या दारातल्या बाई म्हणाल्या, "बॅटरीवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका हं. आमच्या सासूबाईंच्या वेळी असंच नेत होते, आणि मधेच तो पंप..." एवढ्यात त्यांचं दूध उतू गेलं आणि त्या धावत आत गेल्या. सासूबाईंचं पुढे काय झालं ते बंदोबस्तरावांना कधीच कळलं नाही. अर्ध्या गोष्टीची भीती पुऱ्या गोष्टीपेक्षा जास्त असते. तळमजल्यावरच्या वकिलांनी तेवढंच सांगितलं, "काहीही झालं तरी चूक कबूल करायची नाही."

दुसऱ्या दिवशी बंदोबस्तराव वॉर्डात आले ते खांद्याला पिशवी लावून. पिशवीत दोरी, जादा चादर, लांब वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि शिट्टी.

सोबत येणारी सिस्टर वयाने लहान होती, पण नजर अशी की पेशंटचे नातेवाईक आपोआप खुर्चीवरून उठत. तिने पिशवीत डोकावून बघितलं.

"शिट्टी कशाला?"

"वळणावर."

"काका, ती पिशवी खाटेखाली ठेवा."

"बोर्ड तरी राहू द्या," बंदोबस्तराव म्हणाले. एवढ्या नम्रपणे की तिलाही नाही म्हणवेना. तो त्यांनी काखेत मारला.

आत्या खाटेवरून हे बघत होती. "ए," ती हळूच म्हणाली, "मला हसवू नकोस. बरगड्या दुखतात."

"मी कुठे हसवतोय?"

"तेच तर."

ट्रॉली घेऊन मामा आले. रुग्णांना इकडून तिकडे नेणाऱ्या ह्या गृहस्थांना सगळं हॉस्पिटल मामा म्हणे. मामा आणि सिस्टर मिळून आत्याला चादरीसकट अलगद ट्रॉलीवर घेत असताना बंदोबस्तराव मधे उभे राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होते. मग सिस्टरने एकेक वस्तू जागेवर लावली. सिलिंडर खालच्या कप्प्यात, मॉनिटर पायांच्या मधे, पंप सलाईनच्या दांड्याला. शेवटी बाटली उरली. ट्रॉलीच्या कडेला बाटली अडकवायला एक कडी असते. ह्या ट्रॉलीची कडी तुटलेली होती.

"दुसरी ट्रॉली?" सिस्टरने विचारलं.

"दुसरीला कडी आहे," मामा म्हणाले, "चाक नाहीये."

सिस्टर बंदोबस्तरावांकडे वळली. "काका, तुम्हाला एक काम देते. ही बाटली धरायची. उभीच धरायची, आडवी झाली नाही पाहिजे. आणि त्यांच्या छातीपेक्षा खाली ठेवायची. वर उचललीत तर आतलं पाणी परत छातीत जाईल. नळीला ओढ बसू द्यायची नाही. जमेल?"

बंदोबस्तराव मोहिमेचे सेनापती म्हणून आले होते. त्यांना बाटली मिळाली. पण 'परत छातीत जाईल' हे शब्द असे काही कानात बसले की त्यांनी दोन्ही हातांनी ती बाटली घेतली, देवळातला दिवा घ्यावा तशी, आणि गुडघ्यांत वाकले. ट्रॉली आधीच बुटकी होती. बाटली छातीच्या खाली आणि माणूस सरळ, हे दोन्ही एका वेळी जमण्यासारखं नव्हतं.

"चला," आत्या म्हणाली, "निघाली गाडी."

लिफ्टपाशी पहिला खोळंबा झाला. लिफ्टमनने दार उघडलं आणि ट्रॉलीकडे, दांड्याकडे, सिलिंडरकडे, मामांकडे, सिस्टरकडे आणि शेवटी वाकलेल्या बंदोबस्तरावांकडे एकेक करून बघितलं.

"एवढं सगळं एका फेरीत नाही जायचं. पेशंट येऊ दे. सामान पुढच्या फेरीला."

"अहो, हे सामान नाही," बंदोबस्तराव खालून म्हणाले. "हे सगळं मिळून आत्या आहे."

"मग हे?" लिफ्टमनने त्यांच्याकडेच बोट केलं.

"मीपण नळीला जोडलेला आहे."

सिस्टरने ट्रॉली आत ढकलली. सगळे बसले, म्हणजे मामा दाराला चिकटले, सिस्टर दांड्याला बिलगली आणि बंदोबस्तराव ट्रॉलीखाली गेले. तिथून त्यांना फक्त पाय दिसत होते. वरून आत्याचा आवाज आला, "आहेस ना रे?"

"आहे."

"बाटली?"

"तीपण आहे."

तळमजल्यावर लिफ्टसमोरच नोंदणीची खिडकी होती. कोणता पेशंट कुठून कुठे गेला ह्याची नोंद तिथला कारकून कॉम्प्युटरवर करत असे. सिस्टरने आत्याचं नाव सांगितलं, "स्कॅनसाठी बाहेर, परत येणार," असं म्हणाली आणि बाजूच्या फोनवरून स्कॅनवाल्यांशी बोलायला लागली. कारकून एका बोटाने अक्षरं शोधत होता.

आणि तेवढ्यात पंपाने टी-टी-टी असं केकाटायला सुरुवात केली.

पंपाचा हा आवाज म्हणजे नुसतीच सूचना होती. बॅटरी अर्ध्यावर आलीय, जमलं तर प्लग लावा, एवढंच त्याला म्हणायचं होतं. सिस्टरला ते माहीत होतं. तिने फोन कानाला ठेवूनच हाताने 'थांबा' अशी खूण केली. पण बंदोबस्तरावांच्या डोळ्यांपुढे समोरच्या दारातल्या सासूबाई उभ्या राहिल्या, ज्यांचं पुढे काय झालं ते दुधाने कळू दिलं नव्हतं. त्यांनी बाटली मामांच्या हातात दिली ("उभी! खाली!"), काखेतला एक्स्टेन्शन बोर्ड काढला, भिंतीवरचं भोक शोधलं. एकच होतं आणि त्यात कुणाचा तरी प्लग होता. त्यांनी तो उपटला, बोर्डाचा घातला आणि पंपाची वायर बोर्डाला जोडली. पंप गप्प झाला. बंदोबस्तराव विजयी मुद्रेने वळले.

खिडकीतून कारकूनही वळला होता. त्याच्यासमोरचा कॉम्प्युटर काळाठिक्कर पडला होता.

"सगळं गेलं," कारकून म्हणाला. त्याचा आवाज एखाद्याचं शेत वाहून गेल्यासारखा होता. "सकाळपासून केलेलं सगळं."

बंदोबस्तरावांना वकिलांचा सल्ला आठवला. ते छताकडे बघायला लागले. सिस्टरने फोन ठेवला, प्लग काढून जागच्या जागी लावला, बोर्ड गुंडाळून मामांच्या काखेत दिला आणि बाटली पुन्हा बंदोबस्तरावांच्या हातात ठेवली. एक शब्दही बोलली नाही. त्यांच्या आयुष्यात इतकं मोठं भाषण कुणी केलं नव्हतं.

अंगणात ऊन पडलं होतं. तिथे ट्रॉलीच्या चाकांनी आपापली मतं मांडायला सुरुवात केली. तीन चाकांना स्कॅनला जायचं होतं आणि चौथ्याला बागेत. मामा ट्रॉलीला सरळ ठेवत होते, सिस्टर आत्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती आणि बंदोबस्तराव बदकासारखे बाजूने सरकत होते. नेमके त्याच वेळी समोरून त्यांचे साहेब आले. साहेबांच्या हातात फुलं होती, कुणाला तरी भेटायला आले असावेत.

"अरे! बंदोबस्तराव! असे का चालताय? पाठ धरली का?"

आता साहेबांसमोर ताठ उभं राहायचं असतं, ही सवय इतकी जुनी की पाठीचा कणा आपोआप वर यायला लागला. त्याबरोबर बाटलीही वर यायला लागली.

"खाली!" सिस्टर ओरडली.

बंदोबस्तराव झटकन बसलेच. साहेबांच्या बुटांसमोर, दोन्ही हातांत लालसर पाण्याची बाटली घेऊन. "नमस्कार सर," ते म्हणाले. "ही माझी आत्या."

साहेबांनी बाटलीकडे बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आत्या वर आहे. त्यांनी घाईघाईने तिला नमस्कार केला, "काळजी घ्या" म्हणाले आणि कुणाला ते नीट न सांगता निघून गेले. जाताना फुलांमधलं एक फूल ट्रॉलीवर ठेवून गेले.

"चांगला माणूस आहे," आत्या म्हणाली. "थोडा घाबरट." आणि तिने छातीवर हात दाबून धरला. "नको रे. नको हसवूस."

चढावर मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. समोरच्या इमारतीच्या दाराशी तो चढ होता आणि वर टोकाला एक उंचवटा. मामांनी जोर लावला, पुढची चाकं चढली, मागचं एक अडलं, आणि ट्रॉली कचकन थांबून हातभर मागे आली. नळी ताणली गेली. बंदोबस्तरावांना काय करावं ते कळायच्या आत त्यांचे गुडघे सिमेंटवर आपटले होते. ते ट्रॉलीच्या बरोबरीने मागे घसरले, कोपर सोलवटलं, पण बाटली उभी होती आणि नळी पुन्हा सैल झाली होती. त्यांनी वर बघितलं. आत्याचे डोळे मिटलेले होते. चेहरा चादरीइतका पांढरा. मॉनिटरवर हिरव्या आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा.

"सिस्टर," ते म्हणाले.

सिस्टर आधीच वाकली होती. तिने नळी बघितली, छातीवरची पट्टी बघितली, आत्याचे ओठ बघितले आणि मग आत्याचा हात उचलला. बोटाचा चिमटा निसटून पडला होता. तिने तो परत लावला. रेघा थोडा वेळ तशाच राहिल्या. त्या थोड्या वेळात बंदोबस्तरावांनी जन्मभराचं सगळं नियोजन मनातल्या मनात रद्द केलं. मग हिरवा आकडा उमटला. चांगला होता.

"आजी, दुखतंय?"

"दुखतंय," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "तो कुठे आहे?"

"इथेच आहे गं," बंदोबस्तराव म्हणाले. "खाली."

तिने ट्रॉलीच्या कडेवरून हात सोडला. तो त्यांच्या डोक्यावर येऊन टेकला. केस बरेच गेले होते, त्यामुळे हात सरळ कातडीलाच लागला. स्कॅनच्या दारापर्यंत तो हात तसाच राहिला.

स्कॅनच्या खोलीत नातेवाइकांना मनाई होती. बाटली सिस्टरने आत नेली. बंदोबस्तराव दाराबाहेर उभे राहिले, रिकाम्या हातांनी आणि तरीही गुडघ्यांत वाकून. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यांना बसायला खुर्ची देऊ केली. आतून "श्वास घ्या, धरून ठेवा" असं ऐकू आलं की तेही श्वास घेत आणि धरून ठेवत. "सोडा" असं आतला माणूस कधी म्हणाला ते त्यांना ऐकू आलं नाही, त्यामुळे एकदा जरा घेरी आली.

अहवाल डॉक्टर नंतर बघून सांगणार होते. परतीचा प्रवास त्या मानाने निर्विघ्न झाला. लिफ्टमननेही ह्या वेळी काही न विचारता दार धरलं. वॉर्डात शिरल्यावर मामांनी आत्याची ट्रॉली तिच्या खाटेपाशी नेली, आणि सगळे थांबले.

खाटेवर एक दणकट गृहस्थ झोपले होते. तोंड उघडं, घोरणं भरदार. खाटेखाली बंदोबस्तरावांची पिशवी होती आणि पिशवीवर गृहस्थांच्या चपला.

वॉर्डच्या मुख्य सिस्टरांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "ह्या आजी इथे नाहीत."

"अहो, ह्या काय!" बंदोबस्तराव म्हणाले.

"इथे आहेत. पण नोंदीत नाहीत. 'रुग्ण हलवला, खाट रिकामी' असं आलंय खालून. मग आम्ही दुसरे पेशंट घेतले."

बंदोबस्तरावांना खालची खिडकी आठवली. खालचा तो कारकून, त्याचं वाहून गेलेलं शेत, घाईघाईने पुन्हा केलेल्या नोंदी. 'स्कॅनसाठी बाहेर'च्या जागी 'हलवला'. आणि प्लग कुणी उपटला होता?

वॉर्डातल्या नातेवाइकांना एव्हाना कामच मिळालं होतं. एक म्हणाले, वरपर्यंत तक्रार करा. दुसऱ्या बाई म्हणाल्या, त्या घोरणाऱ्यांना उठवा, ते तसेही बरे दिसतायत. तिसऱ्यांनी दोन्ही पेशंट एकाच खाटेवर, एक डोक्याकडून आणि एक पायाकडून, असा तोडगा सुचवला. गृहस्थांची बायको हे ऐकून खाटेच्या कडेवर ठाण मांडून बसली.

"कुणाला उठवायचं नाही," आत्या ट्रॉलीवरून म्हणाली. "झोपलेला माणूस आहे."

मुख्य सिस्टर म्हणाल्या, "चूक कुणाची आहे ते आधी कळू दे."

"माझी," बंदोबस्तराव म्हणाले.

सगळे नातेवाईक त्यांच्याकडे वळले. घोरणंसुद्धा क्षणभर थांबलं.

"मीच खालच्या कॉम्प्युटरचा प्लग काढला. पंप ओरडत होता म्हणून. मला वाटलं..." त्यांनी सोबतच्या सिस्टरकडे हात केला. "ह्यांची काही चूक नाही. मला काय बोलायचं ते बोला, पण हिला खाट द्या."

सोबतच्या सिस्टरचं लक्ष एव्हाना सिलिंडरच्या काट्याकडे गेलं होतं. काटा बराच खाली उतरला होता. "आधी ऑक्सिजन," ती म्हणाली, "मग भांडण. भिंतीतल्या ऑक्सिजनची खाट कुठे मोकळी आहे?" आणि ती फोन घेऊन वॉर्डामागून वॉर्ड विचारत सुटली. हृदयविभाग भरलेला. हाडांचा विभाग भरलेला. तिने एक नंबर फिरवला, ऐकलं, डॉक्टरांना फोन लावून विचारलं, "आजींना संसर्गाचं काही नाहीये ना? चालेल ना तात्पुरतं?" आणि फोन ठेवून वळली. पहिल्यांदाच तिच्या नजरेत काहीतरी मऊ आलं होतं.

"एक खाट आहे. लगेच जाता येईल. फक्त..."

"फक्त काय?"

"प्रसूतिविभागात आहे."

आत्याने मान वळवून सिस्टरकडे बघितलं. "जन्मभर लग्न केलं नाही," ती म्हणाली. "आणि आता थेट तिकडे?"

त्यावर मामा हसले, मुख्य सिस्टर हसल्या, घोरणाऱ्यांची बायको हसली. आत्याने उशी छातीशी आवळून धरली आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाली, "कुणी हसायचं नाही. मला परवडत नाही."

आत्या प्रसूतिविभागातल्या खोलीत पोचली, भिंतीतला ऑक्सिजन लागला, बाटलीला भक्कम कडी मिळाली. बंदोबस्तरावांना आपले हात परत मिळाले. मग त्यांना नोंद दुरुस्त करायला खाली पाठवण्यात आलं. कारकुनाने त्यांना ओळखलं. त्याने आधी प्लगवर एक पाय ठेवला आणि मग बोलायला सुरुवात केली.

"मला माफ करा," बंदोबस्तराव म्हणाले. "मघाशी मी छताकडे बघत होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं."

कारकून नरमला. शेत गेलेल्या माणसाला नुसती विचारपूससुद्धा पुरते. "सांगा. पेशंट प्रसूतिविभागात. वय?"

बंदोबस्तरावांनी सांगितलं. कारकुनाने चष्म्यावरून बघितलं, पण लिहिलं.

"कितवी खेप?"

"म्हणजे?"

"हा रकाना रिकामा ठेवला तर पुढे जातच नाही."

"पहिली," बंदोबस्तराव म्हणाले. विभागात जाण्याची पहिलीच खेप होती, हे खोटं नव्हतं.

"अपेक्षित तारीख?"

"कशाची?"

"बाळंतपणाची."

दोघांनी मिळून बराच विचार केला. मागची तारीख कॉम्प्युटर घेईना. पुढची घालायला कारकुनाचा हात धजेना. शेवटी आजचीच घातली. परिणाम असा झाला की बंदोबस्तराव वर पोचले तेव्हा एक मावशी मऊ दुपटं आणि टोपडं घेऊन आत्याच्या खोलीत उभ्या होत्या आणि आत्या त्यांना म्हणत होती, "ठेवा. इथे काहीच सांगता येत नाही."

पुरुषांना आत थांबायची परवानगी नव्हती. बाहेर एक लांब बाक होता. त्यावर एक तरुण बसला होता, शर्टाचं एक बटण भलत्याच भोकात गेलेलं, हाताची नखं जवळजवळ संपलेली. बंदोबस्तराव त्याच्या शेजारी बसले. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. ह्या बाकावर बसणाऱ्यांना आणखी ओळख लागत नाही.

थोड्या वेळाने डॉक्टर आले. बंदोबस्तराव उठायला गेले, पण गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून त्यांनी बसूनच ऐकलं. फुप्फुस पूर्ण उघडलं होतं. रक्त गोठलेलं नव्हतं. ऑपरेशन नको. नळी दोन दिवसांत निघेल.

"आणि छातीच्या वॉर्डात खाट होईल आता," डॉक्टर म्हणाले. "ते गृहस्थ उठून घरी जायला मागतायत. हलवायचं का आजींना परत?"

बंदोबस्तरावांनी दोन्ही हात जोडले. "नको," ते म्हणाले. "आहे तिथे राहू द्या. आता काही हलवू नका."

डॉक्टर आत गेल्यावर त्यांनी रुमाल काढला आणि बराच वेळ नाक पुसलं. शेजारचा तरुण काळजीने सरकून जवळ आला.

"काका, झालं का तुमच्याकडे? काय झालं?"

"आत्या," बंदोबस्तराव म्हणाले. आणि रुमाल पुन्हा नाकाला लावला.

तरुणाने थोडा विचार केला. "पण सुखरूप ना?"

"सुखरूप."

"अभिनंदन," तरुण मनापासून म्हणाला आणि त्याने त्यांचा हात घट्ट दाबला.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि मघाच्याच मावशी एक गाठोडं घेऊन बाहेर आल्या. "मुलगी झाली हो! आई छान आहे. तिला खोलीत नेलंय, शेवटच्या. बाळाला तुम्हीच न्या तिच्याकडे." आणि त्यांनी ते गाठोडं तरुणाच्या हातांत ठेवलं. तरुण लाकडासारखा ताठ झाला. कोपरं बाहेर, श्वास बंद, पाय जमिनीत रुतलेले. शेवटची खोली लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला होती. मधे बादली, दोन खुर्च्या आणि फरशी पुसणाऱ्या बाई.

"काका," तो ओठ न हलवता म्हणाला, "कसं न्यायचं?"

बंदोबस्तरावांना गुडघे आहेत ह्याचा विसर पडला. ते ताडकन उठले. "मान सांभाळा. हात खालून. असं. घाई नाही. मी पुढे चालतो." आणि ते पुढे झाले. खुर्च्या सारल्या, बादली उचलली, दोन्ही हात पसरले आणि सगळा मजला दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "बाजूला व्हा! बाजूला! ओली फरशी! बाळ येतंय, बाळ!"

"अरे, ओरडू नकोस!"

आवाज आत्याच्या खोलीतून आला होता. बंद दारातून, भिंतीतून, भरल्या छातीने आलेला, घराच्या गच्चीवरून गल्लीच्या टोकाला खेळणाऱ्या पोराला जेवायला हाक मारावी तसा. स्टुलावरून पडल्यापासून तो आवाज कुणी ऐकला नव्हता.

"लहान बाळ झोपलंय ना! आई गं... मेले..." आणि मग, जरा हळू, "नाही मेले. चालू दे तुझं."

बंदोबस्तराव हातात बादली घेऊन व्हरांड्याच्या मधोमध उभे राहिले. मागे तरुण उभा राहिला, त्याच्या हातांतली मुलगी उभ्या जगाला कंटाळल्यासारखी जांभई देत होती.

"काका? काय झालं?"

"काही नाही," बंदोबस्तराव म्हणाले, आणि आवाज अगदी खाली आणून पुढे चालू लागले. "या. सावकाश या."